समोरच्याकडे कुठलं व्हर्जन आहे?

डिप्लोमा झाल्यावर भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी बेस प्लेटचं ड्रॉइंग लेझर कटिंगवाल्यांना मेल केलं आणि निघालो. बस स्टॉपवर फोन आला, "दादा, फाइल उघडत नाहीये. नॉट व्हॅलिड म्हणतंय." ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड; माझ्याकडे त्याचं २०२१ व्हर्जन, त्यांच्याकडे २०१२. शीट मशीनवर चढवून माणूस थांबलेला. परत ऑफिसला गेलो.

सोमवारी सिनियरनी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. सगळी गिचमिड, पण अगदी सुरुवातीला स्पष्ट लिहिलेलं: एसी१०३२. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल; तिच्या या पहिल्या सहा अक्षरांतच तिचा फॉरमॅट कळतो. १०३२ म्हणजे २०१८ चा, १०२७ म्हणजे २०१३ चा, १०२४ म्हणजे २०१० चा. ऑटोकॅड दरवर्षी नवं येतं, फॉरमॅट मात्र दरवर्षी बदलत नाही. २०१३ ते २०१७ फॉरमॅट एकच, म्हणून २०१७ मधली फाइल २०१३ वाल्याकडे उघडते आणि २०१२ वाल्याकडे अडते.

उपाय सोपा आहे. सेव्ह ॲजमध्ये खाली जुना फॉरमॅट निवडायचा. रोजच जुन्या व्हर्जनवाल्यांशी काम असेल, तर ऑप्शन्समधल्या 'ओपन अँड सेव्ह' टॅबमध्ये तोच कायमचा लावून ठेवा. ज्यांच्याकडे ऑटोकॅडच नाही, त्यांना डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतं, त्यातूनही फाइल जुन्या फॉरमॅटमध्ये बदलता येते.

पण फाइल उघडली म्हणजे काम झालं असं समजू नका. एकदा घाईत मी डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची ड्रॉइंग फाइल) थेट आर१२ या खूप जुन्या फॉरमॅटमध्ये दिली. आर१२ मध्ये स्प्लाइन, म्हणजे सलग वळणारी वक्र रेघ, नसतोच; त्याचे बारीक सरळ तुकडे होतात. कापून आलेल्या ब्रॅकेटच्या गोलाईवरून बोट फिरवलं तर टप्पे हाताला लागत होते. तेव्हापासून जुन्या फॉरमॅटमध्ये उतरवलेली फाइल स्वतः परत उघडून, वक्र भाग झूम करून बघितल्याशिवाय मी पाठवत नाही. सोबत पीडीएफ देतोच, म्हणजे समोरच्याला मापं ताडून बघता येतात.

सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास जास्त, कारण तिथे वर्षागणिक फाइल बदलते. स्टेप फाइल, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी थ्रीडी फाइल, दिली तर आकार पोचतो, फीचर ट्री (पार्ट कसा बनवला त्या पायऱ्यांची यादी) नाही. पुढे बदल होणार असतील तर हे आधीच बोलून घ्या.

आता नव्या व्हेंडरचा नंबर सेव्ह करतानाच मी नावापुढे व्हर्जन टाकतो: 'लेझर भोसरी, २०१२'.