विभागात ब्लॅक सहकाऱ्यांचा गौरव करताय? या चुका टाळा

अमेरिकेत फेब्रुवारी उजाडला किंवा ब्रिटनमध्ये ऑक्टोबर, की विद्यापीठातल्या विभागांना ब्लॅक हिस्टरी मंथची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या महिन्याची, आठवण होते. ऑफिसातून मेल येतो, 'आपल्या ब्लॅक सहकाऱ्यांबद्दल दोन ओळी आणि एक चांगला फोटो पाठवा.' तिकडे शिकवणाऱ्या, पोस्टडॉक करणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेचजण आता अशा कमिट्यांवर असतात, आणि नवा माणूस म्हणून हे लिखाण हमखास त्यांच्या गळ्यात पडतं. मनापासून केलं तरी ते कसं फसतं, त्याच्या ठरलेल्या जागा आहेत.

'पहिले ब्लॅक प्राध्यापक' एवढ्यावर थांबणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. डेव्हिड ब्लॅकवेल यांचं उदाहरण घ्या. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्याला राव-ब्लॅकवेल प्रमेय चुकत नाही. आपल्याकडचे सी. आर. राव यांनी ते १९४५ मध्ये मांडलं आणि ब्लॅकवेल यांनी स्वतंत्रपणे १९४७ मध्ये. एनव्हिडिया कंपनीने आपल्या चिपच्या एका पिढीला ब्लॅकवेल यांचं नाव दिल्यापासून आयटीवाल्यांनाही ते ओळखीचं झालंय. आता त्यांच्यावर दोन ओळी लिहायला सांगितलं, तर बहुतेक जण हे लिहितील: 'बर्कली विद्यापीठाचे पहिले ब्लॅक टेन्युअर्ड (कायम नेमणुकीचे) प्राध्यापक. १९६५ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसवर निवडून आलेले पहिले ब्लॅक सदस्य.'

दोन्ही गोष्टी खऱ्या. पण या माणसाने केलं काय, ते वाचणाऱ्याला कळलं का? आणि या नोंदी नीट पाहिल्या तर त्या त्यांच्यापेक्षा त्या संस्थांबद्दल जास्त बोलतात. ब्लॅकवेल यांना १९४१ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी पीएच.डी. मिळाली. इतर कुणी घेणार नाही हे गृहीत धरून त्यांनी शंभरावर ब्लॅक कॉलेजांना अर्ज पाठवले. १९४२ मध्ये बर्कलीत त्यांच्या नावाचा विचार झाला होता. वर्णद्वेषापायी ते फिसकटलं. मग दहा वर्षं हॉवर्ड या ब्लॅक विद्यापीठात शिकवून झाल्यावर, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात, बर्कलीने त्यांना घेतलं. आपल्याच उशिराची तारीख विभागाने त्यांच्या कर्तृत्वाच्या रकान्यात भरायची, हे मला तरी पटत नाही.

त्याऐवजी असं लिहून बघा: 'हाताशी असलेला कुठलाही साधा अंदाज घ्या, नमुन्यातल्या खरोखर उपयोगाच्या माहितीच्या आधारे त्याची सरासरी काढा, नवा अंदाज पहिल्यापेक्षा वाईट ठरूच शकत नाही, हे त्यांनी दाखवलं.' दुसऱ्या विभागातल्या माणसालाही यातून काहीतरी हाती लागतं. विभागातल्या सहकाऱ्याबद्दल लिहिताना हाच क्रम ठेवा. आधी वंशाचा उल्लेख न करता मजकूर लिहा. कागद कोराच राहिला, तर तुम्ही त्यांचा पेपर वाचलेला नाही. आधी तो वाचा. वंशाचा उल्लेख हवा का, कुठे हवा, ते त्यांना विचारून नंतर ठरवा.

'पाहुण्यांना परिचयाची गरज नाही' म्हणून परिचयच टाळायची आपली सत्कारातली सवयही सेमिनारच्या खोलीबाहेर ठेवून यावी. आणखी एक बारीक गोष्ट: आधीच्या वक्त्याला 'प्रोफेसर अमुक' म्हटलं असेल, तर पुढच्या ब्लॅक वक्त्या बाईंना नुसत्या पहिल्या नावाने पुकारू नका. हे नकळत होतं, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला ऐकू जातं.

भिंतीवर तसबीर, पेपरवर नाव नाही

व्हिव्हियन थॉमस १९३० पासून सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत होते. सुरुवातीला, व्हँडरबिल्ट विद्यापीठात, पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा सफाई कामगाराचा होता. जन्मजात हृदयदोषाने निळ्या पडणाऱ्या बाळांवरच्या शस्त्रक्रियेचं तंत्र त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ ला जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते ब्लेलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते. १९४५ मध्ये पेपर छापून आला तो ब्लेलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग या दोघांच्या नावावर. शस्त्रक्रियेलाही त्याच दोघांचं नाव पडलं. हॉपकिन्सने थॉमस यांची तसबीर १९७१ मध्ये लावली, मानद डॉक्टरेट दिली १९७६ मध्ये. शस्त्रक्रियेच्या नावात 'थॉमस' घालायची पद्धत तर अलीकडची.

आजच्या विभागात याचं रूप एवढं ढळढळीत नसतं. लॅब मॅनेजरने उपकरणाची मांडणी बदलली आणि प्रयोग चालू लागला. पेपरच्या शेवटी आभारात 'तांत्रिक साहाय्य' असं छापून आलं. डेटा साफ करणारी पीएच.डी.ची विद्यार्थिनी सातव्या लेखकावरून आभारात घसरली. न्यूजलेटरमधल्या फोटोने हे भरून येत नाही. लेखकांची यादी ठरते त्या दिवशी बोला, पेटंटच्या अर्जावर बोला, पगारवाढीच्या शिफारशीत बोला. गौरव समारंभ त्यानंतर.

कौतुक म्हणून आणखी एक कमिटी देणं

'तुम्ही इतकं छान काम करता, आमच्या डायव्हर्सिटी कमिटीचं अध्यक्षपद तुम्हीच घ्या!' हा सन्मान नव्हे, ही जादा ड्युटी. शिवाय प्रत्येक ब्लॅक विद्यार्थी सल्ल्यासाठी त्यांच्याच दारात येतो, तो वेळ वेगळाच. टेन्युअरच्या फाइलमध्ये या तासांना जवळपास शून्य किंमत असते. काम द्यायचंच असेल तर एका कोर्सची सूट लेखी द्या. तोंडी नको, विभागप्रमुख बदलले की तोंडी सूट विरते.

'विषय जरा वेगळाच आहे'

पुरस्कार कमिटीतलं हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा. अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या अनुदानांवर २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. शिक्षण, प्रकाशनं वगैरे बाबी हिशेबात धरूनही ब्लॅक अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्या अर्जदारांपेक्षा सुमारे १० टक्केबिंदूंनी कमी निघाली. २०१९ च्या पुढच्या अभ्यासात त्याचं एक कारण दिसलं: सामाजिक आरोग्यासारखे जे विषय ब्लॅक संशोधक जास्त निवडतात, त्या विषयांनाच अनुदान कमी मिळतं. २०२० मध्ये सुमारे १२ लाख अमेरिकी प्रबंध तपासले गेले. ज्यांची संख्या क्षेत्रात कमी आहे ते नव्या कल्पना जास्त मांडतात, पण त्या कल्पना इतरांकडून कमी उचलल्या जातात, असं त्यात आढळलं.

म्हणून नुसत्या सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी पेपरचा किती वेळा संदर्भ दिला त्या, आकड्यावर यादी लावली, तर तोच कल पुन्हा कागदावर उतरतो. त्या विषयातला बाहेरचा तज्ज्ञ गाठा आणि त्याचं पत्र मागवा. आठवडाभर उशीर झाला तरी चालेल.

सगळ्यांना एका रांगेत बसवणं

नायजेरियातून आलेले, जमैकात वाढलेले आणि मिसिसिपीत आजोबा-पणजोबांपासून राहिलेले सहकारी एकाच गोष्टीची पात्रं नाहीत. नावं नीट उच्चारा. आपल्या नावांचं तिकडे काय होतं ते आपण जाणतोच. आणि 'आम्हीही ब्राऊन, आम्हालाही भोगावं लागतं' हे त्यांच्या सत्कारात बोलू नका. बोलायचंच असेल तर चहाला बोलवा.

अडलं तर

*नामांकनच येत नाही.* 'नावं सुचवा' असा मेल टाकला की लोक आपल्या ओळखीतली नावं सुचवतात. मेलवर विसंबू नका. निकषात बसणाऱ्या सगळ्यांची यादी करा, सीव्ही समोर ठेवा आणि एकेकावर बोला. पत्र कोण लिहिणार हे त्याच बैठकीत ठरवा.

*सहकारी नको म्हणतात.* मग नको. फोटो काढा, मजकूर काढा, कारण विचारू नका. मात्र बढतीची शिफारस थांबवू नका. ती ब्लॅक हिस्टरी मंथसाठी नव्हतीच.

*'मग आमचं कौतुक कधी?'* हा प्रश्न भारतीय सहकाऱ्यांकडूनही येतो. ब्रिटनमधल्या प्राध्यापकांत ब्लॅक प्राध्यापक सुमारे १ टक्का आहेत, एवढं सांगितलं की बहुतेक वेळा विषय संपतो. नाही संपला तर वरची यादी करायची पद्धत त्यांनाही लागू करा. ती सगळ्यांनाच उपयोगी आहे.

*कायद्याची भीती वाटते.* जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशप्रक्रियेत वंशाचा विचार करण्याविरुद्ध निकाल दिला. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांतली डायव्हर्सिटी ऑफिसं १ जानेवारी २०२४ पासून कायद्यानेच बंद झाली. त्यामुळे फक्त ब्लॅक सहकाऱ्यांसाठी राखीव पुरस्कार काढायचा विचार असेल, तर आधी विद्यापीठाच्या वकिलांना विचारा. सगळ्यांना खुल्या असलेल्या फेलोशिपसाठी सहकाऱ्याचं नाव पाठवताना मात्र तुम्हाला हवं ते एकच: अंतिम तारखेच्या आत पोचणारं, त्यांच्या पेपरबद्दल नेमकं बोलणारं पत्र.