पहिला पिक-सेट घेण्याआधी कुलपात डोकावून बघा

गेल्या चवथीला माझा भाचा पुण्याहून डिचोलीला आला, तो चोवीस नगांचा पिक-सेट घेऊन, म्हणजे चावीशिवाय कुलूप उघडायच्या छंदाची बारीक हत्यारं. ऑनलाइन मागवलेला, काळ्या रेक्झिनच्या पाकिटातला, सोबत सरावासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचं एक कुलूप. ते त्याने येता येता बसमध्येच उघडलं होतं. आमच्या मागच्या खोलीला जुनं अलीगढी कुलूप असतं, चवथीची तांब्या-पितळेची भांडी त्याच खोलीत. हरतालिकेच्या दुपारी सगळे गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्यात गुंतले होते आणि हा त्या कुलपाशी बसला. दीड तासाने माझ्याकडे आला. "मामा, टोक आत राहिलं." सेटमधला हुक, म्हणजे टोकाला वाकलेलं पातं, मोडून आत अडकला होता, चावी अर्धीसुद्धा जाईना. आई समईसाठी खोळंबली होती. शेवटी मी हॅकसॉने कुलपाची दांडी कापली.

पोराच्या हातात कसब नव्हतं असं नाही. त्याने चुकीच्या कुलपावर हात टाकला, आणि तेही वापरातल्या. म्हणून सेट कोणता घ्यावा हे सांगण्याआधी या दोन गोष्टींबद्दल बोलतो.

आपल्या घरांत कडी-कोयंड्याला लटकणारी पुष्कळ कुलपं लिव्हरची असतात. आमचं ते अलीगढी लिव्हरचं, गोदरेजचं नवतालही लिव्हरचंच. त्यांच्या पोटात पत्र्याच्या पट्ट्या वहीच्या पानांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात. चावी प्रत्येक पट्टी हवी तेवढीच उचलते, सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्ट सरकतो. बाजारात 'लॉक पिक सेट' म्हणून जे मिळतं ते जवळजवळ सगळं पिनांच्या कुलपासाठी असतं, म्हणजे लायनस येल धाकटा याने १८६१ आणि १८६५ मध्ये ज्याची पेटंटं घेतली त्या घडणीच्या. त्यात चावी स्प्रिंगांनी दाबलेल्या पिना हव्या तेवढ्याच उचलते, तेव्हा चावीचं भोक असलेला गोल गाभा, म्हणजे प्लग, फिरतो. लिव्हरच्या कुलपाला वेगळी हत्यारं लागतात. लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकी कारागिराने चब कंपनीचं लिव्हरचं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा या लंडनच्या दुसऱ्या कंपनीच्या कुलपाला मात्र त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, आणि त्यासाठी त्याने त्या एकाच कुलपाच्या मापाची हत्यारं घडवली होती. आधी कुलूप, मग हत्यार, हा क्रम त्याच्याकडून घ्यावा.

ओळखायचं कसं? चावी हातात घ्या. तिच्या अंगावर लांबीने गेलेल्या खोबणी असतील आणि कडेला डोंगररांगेसारखे दाते असतील, तर बहुतेक पिनांचं. चावी नुसती सपाट पत्र्याची आणि खाचा चौकोनी असतील, तर लिव्हरचं. खात्री हवी असेल तर टॉर्च मारून चावीच्या भोकात बघा. पिनांच्या कुलपात पहिल्या पितळी पिनेचं गोल टोक दिसतं. लिव्हरच्यात पट्ट्यांच्या कडा दिसतात.

दुसरी गोष्ट नियमांची. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. आपलं असलं तरी रोजच्या वापरात असेल तर त्यालाही नाही, मग ते दाराचं असो की भांड्यांच्या खोलीचं. जगभर हा छंद जपणारी माणसं हे दोन नियम पाळतात. मी तिसरा जोडतो: सेट घरात ठेवावा, खिशात घालून रात्री हिंडू नये. विचारणाऱ्या पोलिसाला छंद समजावत बसायची वेळ कशाला आणायची?

आता सेट. मी डाय फिटर, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत अठरा वर्षं पंच आणि डायच्या फटी जुळवतोय, त्यामुळे माझं पहिलं बोट जाडीवर जातं. सेटवर चित्रं असतात, आकडे नसतात, आणि खरा फरक आकड्यांत असतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पिक-हत्यारांची पाती साधारण १५ थाऊ, १८ थाऊ आणि २५ थाऊ अशा जाडीत येतात, म्हणजे ०.३८, ०.४६ आणि ०.६४ मिलिमीटर. २५ थाऊचं पातं मजबूत, नवख्याच्या दांडगाईला पुरून उरतं. पण चावीची वाट अरुंद आणि नागमोडी असेल तर ते भिंतींना घासतं, आणि पिनेचं बोलणं बोटापर्यंत पोहोचत नाही. १५ थाऊचं पातं अशा वाटेतही सहज फिरतं, पण जोर दिला की वाकतं. पहिल्या खरेदीत एक छोटा हुक जाड आणि एक पातळ असावा. दोन्ही हातात असले की बोटाला फरक आपोआप कळतो. जाडी लिहिलेलीच नसेल तर तो सेट घेऊ नका. भाच्याच्या चोवीस नगांना मी मायक्रोमीटर लावला, प्रत्येकाचं माप वेगळं आलं.

आकार किती हवेत? फार थोडे. एक छोटा हुक, एक मध्यम हुक आणि हवं तर तीन उंचवट्यांचा एक रेक. रेक पुढेमागे फिरवला की स्वस्त कुलूप पटकन उघडतं, मजा येते, पण का उघडलं ते कळत नाही. माझं नव्वद टक्के काम छोट्या हुकावर चालतं. चोवीसातले उरलेले वीसेक आकार पाकीट जाड दिसावं म्हणून असतात असं माझं स्पष्ट मत आहे. पिक गन, चाकूसारखी घडी होणारी हत्यारं, कार्डात बसणारे सेट, यांच्यावर पहिल्या वर्षी एक रुपयाही घालू नका.

पैसा घालायचा तो टेन्शन रेंचवर, म्हणजे प्लगला ताण देणाऱ्या वाकवलेल्या पट्टीवर. नवखा माणूस पिककडेच बघत राहतो. कुलूप बनवताना पिनांची भोकं कधीच अचूक एका रेषेत पडत नाहीत, मिलिमीटरच्या शतांशांचा फरक राहतोच. रेंचने प्लगवर हलका ताण दिला की त्या फरकामुळे एकच पिन आधी आवळली जाते. ती हुकाने उचलायची. योग्य उंचीला पोचली की बारीकशी टिक जाणवते आणि प्लग केसभर फिरतो, मग पुढची पिन आवळते. ताण जास्त झाला तर सगळ्याच पिना जाम होतात, कमी झाला तर बसलेली पिन खाली येते. सगळी कला त्या डाव्या हाताच्या बोटात. रेंच दोन तऱ्हांचे असतात. एक वाटेच्या तळाशी अडकतो, दुसरा वरच्या तोंडाशी. वरचा सपाट रेंच हुकाला फिरायला जागा मोकळी ठेवतो, म्हणून मी तोच वापरतो. पण तो भोकात घट्ट बसला पाहिजे, डुलता कामा नये. ४० आणि ५० थाऊ असे किमान दोन घ्या.

रेंच घरीही होतात. ऑक्टोबरात, पाऊस संपला की, गॅरेजवाले गाड्यांचे जुने वायपर काढून टाकतात. त्यांच्या रबराच्या दोन्ही कडांना स्प्रिंगच्या पोलादाच्या बारीक पट्ट्या असतात. एक मागून घ्या, पक्कडीत धरून काटकोनात वाकवा, टोक कानशीने मापाला आणा. घासताना तापू देऊ नका, निळी पडली की ताकद गेली. माझा सर्वात लाडका रेंच असाच वायपरमधून निघालेला आहे.

धातूचं म्हणाल तर गोव्यात स्टेनलेसच घ्या. साध्या स्प्रिंग पोलादाला लवचिकता उत्तम असते, पण जूनपासून सप्टेंबरपर्यंतची आपली हवा आणि समुद्राचा खार त्याला जगू देत नाही. रेक्झिनचं किंवा चामड्याचं पाकीट ओल धरून ठेवतं. हत्यारं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. ऑनलाइन घ्यायचं तर कॅनडाचं स्पॅरोज, अमेरिकेचं पीटरसन किंवा साउथऑर्ड ही या छंदातली जुनी, ओळखीची नावं. त्यांचे चार-पाच नग सुटे घेतले तरी पुरतात. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटीचा हिशेब आधीच धरा.

उरलेल्या पैशांची कुलपं घ्या. म्हापशाच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात चार पिनांचं पितळी कुलूप मागा, चावी बघून घ्या. सोबत दाराचं एक सिलिंडर लॉक, जे खोलता येतं. प्लगच्या जाडीचा गोल लाकडी दांडा मागून सरकवत प्लग बाहेर काढा, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा उडणार नाहीत. मग एकच पिन ठेवून जोडा आणि उघडा. एक जमली की दोन, मग तीन. पारदर्शक कुलपात डोळा शिकतो, बोट शिकत नाही, शिवाय त्याच्या फटी इतक्या सैल असतात की काहीही फिरवलं तरी उघडतं. आणि सरावाच्या कुलपात खोबरेल तेल घालू नका. ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरतं. शिसपेन्सिलीची पूड चिमूटभर पुरे.

सेट हातात आला की लगेच कुलपात घालू नका. पात्याच्या कडेवरून नख फिरवा. यंत्रावर कापलेल्या कडांना बारीक खरखर असते, ती पिनेची टिक झाकून टाकते. ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लांबीच्या दिशेने घासा, मग ८००, मग १५००. आडवं घासू नका, आडव्या चऱ्यावरच पातं मोडतं. भाच्याचा हुक नेमका तशाच चऱ्यावर मोडला होता, कापलेल्या कुलपातून टोक काढून भिंगाखाली धरलं तेव्हा दिसलं. दिवाळीला तो परत आला तेव्हा मी त्याला दोन हुक, दोन रेंच आणि एक पिन भरलेलं सिलिंडर दिलं. रात्री जेवणं आटोपेपर्यंत तो तिसऱ्या पिनेवर होता.