दुबईच्या नव्या मसाला प्लांटला जायचंय? आधी बेसिक बघा

कुठल्याशा कंपनीनं आखातात नवा प्लांट टाकला असं कळलं की कुपवाड-मिरज एमआयडीसीत आठवडाभर दुसरा विषय नसतो. ऑपरेटर, फिटर, क्यूसीवाले, सगळेच बायोडाटा काढतात. काढाच. सील गळतंय ते पावडर अडकल्यानं की जॉ (पाऊचचं तोंड दाबून चिकटवणारा गरम जबडा) नीट तापला नाही म्हणून, हे ज्याला पाऊच दाबून कळतं, त्याला इंग्रजी अडखळलं तरी घेतात.

आता पगार. ऑफर लेटरवरच्या मोठ्या आकड्याचे तुकडे करा: बेसिक म्हणजे मूळ पगार, भत्ते आणि 'अंदाजे ओव्हरटाइम'. मी अडकलो तो या तिसऱ्या ओळीत. नव्या प्लांटमध्ये सुरुवातीला विकायचा माल निघतच नाही. मशीन उभं करा, रिकामं फिरवा, ट्रायल बॅच काढा, लॅबला पाठवा, परत सेटिंग. शिफ्ट एकच. मग ओव्हरटाइम कुठला? आणि इकडं सोसायटीचा हप्ता काही थांबत नाही.

पुन्हा सांगतो, कारण इथंच पोरं घसरतात. यूएईत आठवड्याचे 48 तास. त्यावरच्या कामाला बेसिकच्या हिशोबानं 25 टक्के जादा. रात्री 10 ते पहाटे 4 मध्ये 50 टक्के मिळतात असं कुणीतरी छातीठोक सांगेल, पण शिफ्टवाल्यांना ते लागू नाही. ग्रॅच्युइटीही बेसिकवरच, पहिली 5 वर्षं दरसाल 21 दिवसांची. बेसिक बारीक ठेवलं की सगळंच बारीक. 'टोटल बघा ना' म्हणणाऱ्याला बेसिकच विचारा. घरखर्च आणि हप्ता तेवढ्यात बसत नसेल तर जाऊ नका.

एजंट लोकांबद्दल माझं मत बरं नाही. ई-मायग्रेटवर, म्हणजे परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी पोर्टलवर, त्याची नोंदणी बघा. फीची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी. त्यावर मागितले तर उठून या. 'व्हिजिट व्हिसावर चला, पुढचं तिकडं करू' म्हणणाऱ्याच्या तर दारात जाऊ नका. गावातला आधी गेलेला एखादा दादा असतोच. त्याचं ऐका, पण पगाराची स्लिप बघून.

एवढं वाचून घाबरू नका. लाईन बसली की दुसरी शिफ्ट लागते, आणि प्लांट उभा करताना हजर असलेल्या माणसाला पुढं मागणी असते. प्रोबेशन 6 महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. तेवढे महिने घर चालेल अशी तजवीज करून निघा. राजीनामा मात्र वर्क व्हिसा हातात आल्यावरच. आणि अनुभवाचा दाखला, त्यात मशीनचं नाव घालून, निघण्याआधीच घ्या. मागाहून फोनवर कुणी दाद देत नाही.