गारपीट, गाडी आणि ‘टोटल लॉस’: या चुका टाळा

वळवाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅरेजच्या दारात गाड्यांची रांग लागते. चिकोडी, संकेश्वर, निपाणी, खानापूर, कधी सीमेपलीकडच्या शिनोळीकडूनही. बेळगावच्या उद्यमबागेत डेंटिंग-पेंटिंग करत मला बावीस वर्षं झाली. टपावर खड्डे, बॉनेटवर खड्डे, पुढच्या काचेची जाळी झालेली, आणि गाडीवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला: “मामा, टोटल लॉसमध्ये बसेल काय ओ?” म्हणजे दुरुस्ती सोडून विमा कंपनी गाडीचेच पैसे देईल काय. कुणाला बसावी असं वाटतं, कुणाला बसू नये असं. पण गाडी माझ्याकडे पोचेपर्यंत दोघांनीही काहीतरी चूक करून ठेवलेली असते, आणि ती मला निस्तरता येत नाही. दरवर्षी त्याच चुका बघतोय, म्हणून हे लिहायला घेतलं.

टोटल लॉस गाडीच्या अवताराकडे बघून ठरत नाही. पॉलिसीवर आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो, म्हणजे विमा उतरवताना धरलेली गाडीची किंमत. गाडी ओढून आणायचा आणि दुरुस्तीचा खर्च पॉलिसीच्या अटींप्रमाणे मोजतात. तो आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला तर कंपनी गाडी टोटल लॉस धरते. ४ लाखांच्या आयडीव्हीला ही रेघ ३ लाखांवर येते. नुसत्या खड्ड्यांचं ३ लाखांचं काम सहसा निघत नाही. गाडी त्या रेघेपलीकडे जाते ती दोन कारणांनी: आयडीव्हीच कमी असते, नाहीतर काच फुटून रात्रभर पाणी आत जातं आणि सीटखालचे मॉड्यूल (इलेक्ट्रॉनिक डबे), वायरिंग, गालिचे सगळं बिलात येतं.

शोरूमचं एस्टिमेट म्हणजे दुरुस्तीचा खर्च, हा पहिला गैरसमज. हिशोब धरला जातो तो सर्व्हेअरने, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणाऱ्याने, घसारा (जुनेपणाची घट) वजा करून लावलेला. काचेला घसारा नाही. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीला ५० टक्के. पत्र्याच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले ६ महिने काही नाही, मग ५ टक्के, दुसऱ्या वर्षात १०, असं वाढत ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० आणि १० वर्षांपुढे ५०. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापायचं जादा कव्हर, घेतलं असेल तर ही कापाकापी टळते. मजुरी पूर्ण धरतात.

सर्वात महागात पडणारी चूक: हप्ता वाचवायला आयडीव्ही पाडणे

चिकोडीजवळच्या एका गावच्या गुरुजींची गाडी माझ्या डोक्यातून जात नाही. सात वर्षांची सेडान, घरच्यासारखी सांभाळलेली, तंबाखूच्या गोडाऊनच्या सावलीत लावायचे. पाच वर्षांपर्यंत आयडीव्हीचा तक्ता ठरलेला आहे: ६ महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, मग २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षात ५०. त्यानंतर मात्र कंपनी आणि मालक यांनी मिळून ठरवायची असते. म्हणजे तिथे तुम्हाला बोलायला जागा असते. गुरुजींनी मोबाइलवर पॉलिसी काढताना सगळ्यात कमी हप्ता दाखवणारा पर्याय निवडला. २ लाख ८० हजारांची आयडीव्ही मिळत होती, यांनी १ लाख ९० हजारांची घेतली. वाचले सातशेच्या आसपास रुपये.

एप्रिलमध्ये गारा पडल्या. गाडी त्या दिवशी नेमकी पाहुण्यांच्या दारात उघड्यावर होती. पुढची आणि मागची काच गेली, टप आणि बॉनेट चाळणीसारखे झाले, आणि पाऊस पहाटेपर्यंत थांबला नाही. शोरूमने २ लाख ३५ हजारांचं एस्टिमेट दिलं: काचा २२ हजार, पत्रा ७० हजार, प्लास्टिक आणि इलेक्ट्रिकचं ६० हजार, मजुरी ४८ हजार, रंग ३५ हजार. झिरो डेप नव्हतं. सर्व्हेअरने घसारा कापून १ लाख ७५ हजारांच्या जवळपास आकडा काढला. १ लाख ९० हजारांच्या ७५ टक्के होतात १ लाख ४२ हजार ५००. गाडी रेघेपलीकडे गेली. हीच आयडीव्ही २ लाख ८० हजार असती तर रेघ २ लाख १० हजारांवर असती आणि गाडी दुरुस्तीला गेली असती.

त्यांच्या हातात आले १ लाख ८९ हजार, कारण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीने कापतात आणि त्यावरच्या गाडीला दोन हजार. तशी गाडी बाजारात ३ लाखांच्या खाली मिळत नव्हती.

मला जास्त लागलं ते पुढचं. गुरुजी माझ्याकडे आले ते टोटल लॉसच्या संमतीपत्रावर सही करून. शोरूमच्या एस्टिमेटमध्ये नवा टप धरला होता. टप बदलायचा म्हणजे पिलरवरचे स्पॉट वेल्ड सोडवायचे, नवा बसवायचा, पुन्हा वेल्ड मारायचे. गाडीचा जन्माचा सांधा उघडायचा. त्या टपाचा रंग कुठेही तडकलेला नव्हता. आतलं अस्तर उतरवून रॉडने खड्डे आतून वर ढकलता आले असते, रंगाला हातही लागला नसता. बॉनेटचंही तसंच. माझ्या हिशोबाने सर्व्हेअरचा आकडा १ लाख ४० हजारांच्या आत आला असता. सही करण्याआधी दुसरं एस्टिमेट सर्व्हेअरसमोर ठेवायचा तुम्हाला अधिकार आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो: तुमच्यासारखी गाडी आज विकली तर काय येतील? निपाणीत नाहीतर कोल्हापुरात दोन ठिकाणी विचारा, आणि आयडीव्ही त्याच्या जवळ ठेवा. उगाच वरही चढवू नका. आणि एकदा ठरली की ती पॉलिसीच्या वर्षभर तीच राहते. “अकरा महिने झाले, आता किंमत उतरली” असं टोटल लॉसच्या वेळी कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

सर्व्हेच्या आधी हात लावणे

ही चूक तरुण पोरं करतात, आणि मला राग येतो तो याच चुकीचा. अथणीकडचा एक द्राक्षबागायतदार मुलगा. बागेचं नुकसान झालं त्याच सांजेला गाडीचंही झालं, आणि आठवड्यावर घरचं लग्न. त्याने गावातल्या टिंकरकडे बॉनेट आणि टपाला लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून घेतली, वरून रंगाचा हात मारला आणि मग विम्याला फोन केला. सर्व्हेअर आला तेव्हा गारेचा खड्डा कुठला आणि जुना कुठला, हे सांगायला काही शिल्लकच नव्हतं. मंजूर झाली ती फक्त फुटलेली काच. वर लांबीने भरलेला पत्रा दोन उन्हाळ्यांत तडकला, तो पुन्हा माझ्याकडेच आला. लग्नाला गाडी भाड्याने मिळते. चार दिवस कळ काढता येते. पण घाई झालेल्या माणसाला हे सांगून उपयोग होत नाही.

गारेचा खड्डा ओळखू येतो. तो आडव्या पत्र्यावर असतो, टप, बॉनेट आणि डिकीवर सारख्या दाटीने, आणि बहुतेक वेळा रंगाला ओरखडा नसतो. दारावरचा ओरखड्यासकटचा खड्डा कुणीतरी बाजारात ठोकलेला असतो. तो गारांच्या नावावर घालू नका. सर्व्हेअर तेवढा कच्चा नसतो, आणि एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही तो शंका घेतो.

माझी सवय सांगतो. गारा वितळायच्या आत दोन-चार गारा नाण्याशेजारी ठेवून फोटो काढतो. मग गाडीचा आहे त्या स्थितीत चारी बाजूंनी फोटो. त्यानंतरच गाडी धुवायची, कारण चिखलाखाली निम्मे खड्डे लपतात. रात्री गाडी ट्यूबलाइटखाली लावायची. पत्र्यातलं ट्यूबचं प्रतिबिंब जिथे वाकडं होतं तिथे खड्डा. प्रत्येकाभोवती खडूने गोल करून पुन्हा फोटो. सर्व्हेअरला हे दिलं की तो वाद घालत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

फुटलेल्या काचेवर मात्र लगेच प्लास्टिक बांधा. नुकसान वाढू न देणं ही मालकाची जबाबदारी असते, त्याला ‘हात लावणं’ म्हणत नाहीत. आणि आत पाणी गेलेलं असेल तर चावी फिरवून बघू नका. बॅटरीची वायर काढा आणि ओढून आणा. “चालते का बघूया” म्हणून चालू केलेल्या गाडीचे मॉड्यूल जळलेले मी पाहिलेत. ते नुकसान गारांनी झालं नाही, असं म्हणायला कंपनीला तुम्हीच जागा करून देता.

सीमेवरची खास चूक

आमच्याकडे कोल्हापूर, सांगलीच्या जुन्या गाड्या खूप येतात. एमएच-०९ पाटीची गाडी स्वस्तात मिळते, व्यवहार मित्रांत होतो, आणि आरसी आणि पॉलिसी दोन्ही जुन्या मालकाच्या नावावर तशीच राहतात. “पॉलिसी गाडीची असते” असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. गाडी विकली की थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. गारा पडल्यावर तुमच्या हातात त्या पॉलिसीचा कागद असतो, हक्क नसतो. व्यवहार झाला त्याच आठवड्यात आरसीवरचं नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० भरा, परराज्यातली गाडी असेल तर एनओसी मागवा आणि विम्याला अर्ज द्या. एजंट “नंतर बघू” म्हणाला तर एजंट बदला.

बाकीच्या चुका थोडक्यात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर गारपिटीचा एक रुपयाही मिळत नाही. फोन करण्याआधी कागद बघा. पीक विम्याला गारपिटीची सूचना ७२ तासांत द्यायची असते, ती मुदत गाडीची समजून शेतकरी थांबतात. गाडीची सूचना त्याच दिवशी द्या, आणि तलाठ्याच्या पंचनाम्यात गाडी लिहून घेतली म्हणजे विम्याला कळलं असं समजू नका. चार-पाच बारीक खड्ड्यांसाठी क्लेम करू नका. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी आणि ५० टक्क्यांवर पोचलेली सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, जातो आणि हिशोब उलटा पडतो. गाडीवर कर्ज असेल तर टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात, बाकी राहिले तर तुम्हाला.

गाडी टोटल लॉस झाली तरी ती स्वतःकडे ठेवता येते. मग आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून पैसे देतात. इथे लोक कंपनीने आणलेल्या एकाच व्यापाऱ्याचा भाव मान्य करतात. गाडी ठेवायची असेल तर ती किंमत कमी असलेली तुमच्या फायद्याची, सोडून द्यायची असेल तर सक्तीची कपात सोडून तुम्हाला पूर्ण आयडीव्हीच मिळते, व्यापारी किती देतो याच्याशी तुमचा संबंध नाही. कधीकधी माणूस गाडी सोडतो आणि तरी कंपनी भंगाराची रक्कम कापते. तसं पत्र आलं तर सही करू नका. आणि गाडी सोडताना आरसी तुमच्या नावावरून निघेल याचा कागद घ्या. मोडलेली गाडी कुणीतरी पुन्हा उभी करतो, आणि तिचं प्रकरण तुमच्या दारात येतं.

सर्व्हेअरचा आकडा पटला नाही तर हुज्जत घालत बसू नका. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळते. कुठल्या भागाला ‘बदली’ धरलं, कुठल्याला ‘दुरुस्ती’, आणि किती घसारा लावला, एवढंच वाचा. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या मागण्या तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. कर्नाटकातल्या गावांसाठी कार्यालय बेंगळुरूला आहे, आणि चंदगड-शिनोळीच्या मंडळींना पुण्याला अर्ज करता येतो. गेल्या वर्षी शिनोळीच्या एकाने घरी बसून मराठीत अर्ज लिहून पोस्टाने पाठवला, सोबत माझं दुसरं एस्टिमेट आणि ट्यूबलाइटखालचे फोटो जोडले. सुनावणीची वेळ आलीच नाही, कंपनीने आधीच फोन करून टप ‘दुरुस्ती’त धरला. ती गाडी आता माझ्याकडेच आहे, अस्तर उतरवलंय, आणि टपाचे निम्मे खड्डे वर आलेत.