संभाव्यता शिकवताना सुरुवात चिंचोक्याने करावी

दहावीच्या गणित भाग १ मधील संभाव्यतेचे प्रकरण शिकवताना आपण बहुतेक शिक्षक नाण्यापासून सुरुवात करतो. छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, हे उत्तर मुलांना आधीच तोंडपाठ असल्यामुळे ते कशावरून, हा प्रश्न त्यांना पडतच नाही. म्हणून पहिल्या तासाला नाणे बाजूला ठेवून चिंचोके घ्यावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. आपल्या कोकणात उन्हाळ्यात घरोघरी चिंच फोडून मीठ लावून ठेवतात, तेव्हा मुलांना मूठभर चिंचोके राखून ठेवायला सांगावे.

चिंचोका मधोमध फोडला की त्याचा प्रत्येक अर्धा भाग आतून सपाट व पांढरट आणि बाहेरून फुगीर व तपकिरी दिसतो. पटावरच्या खेळात फाशांऐवजी हेच टाकतात. दोन-दोन मुलांच्या जोडीला एकच अर्धा भाग द्यावा आणि टाकण्यापूर्वी शंभरात किती वेळा पांढरी बाजू वर येईल, याचा अंदाज वहीत लिहून घ्यावा. मग पडवीच्या फरशीवर, दर वेळी साधारण तेवढ्याच उंचीवरून, एकाने टाकावे व दुसऱ्याने ताळ्याच्या खुणा कराव्यात. १०, ५०, १०० आणि २०० फेकींनंतर पांढऱ्या बाजूचे एकूण फेकींशी गुणोत्तर काढायला लावावे. सुरुवातीला हे गुणोत्तर बरेच वर-खाली होते आणि फेकी वाढत जातील तसे हळूहळू एका आकड्याच्या आसपास स्थिरावते. मुलांनी हे स्वतःच्या वहीत पाहिलेच पाहिजे. वेगवेगळ्या जोड्यांच्या खुणांची मात्र बेरीज करू नये, कारण प्रत्येक चिंचोक्याचा आकार निराळा असतो.

निष्पत्ती, म्हणजे फेकीतून येऊ शकणारे निकाल, दोन आहेत, म्हणून प्रत्येकीची शक्यता निम्मी, हा समज इथे डळमळतो. ‘समसंभाव्य’ (सारखीच शक्यता असलेले) हा शब्द याच क्षणी फळ्यावर लिहावा. घटनेतील निष्पत्तींची संख्या भागिले नमुना अवकाशातील (सर्व शक्य निष्पत्तींच्या संचातील) एकूण निष्पत्तींची संख्या, हे सूत्र सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील तरच चालते. ही अट सूत्रासोबतच शिकवावी, नंतरची टीप म्हणून नव्हे.

त्यानंतर नाणी घ्यावीत. पण दोन सारखी नाणी न घेता एक रुपयाचे आणि पाच रुपयांचे घ्यावे. दोन छापे, दोन काटे आणि एक-एक, अशा तीनच निष्पत्ती मानण्याची चूक बहुतेक वर्गांत होते. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनीही १७५४ मध्ये एका लेखात दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची संभाव्यता तीन-चतुर्थांशाऐवजी दोन-तृतीयांश दिली होती, हे मुलांना जरूर सांगावे, म्हणजे चुकलेले मूल खट्टू होत नाही. नाणी वेगळी दिसत असली की रुपयावर छापा व पाचावर काटा ही एक निष्पत्ती आणि त्याच्या उलट ही दुसरी, हे डोळ्यांनाच दिसते आणि चार निष्पत्ती मुले आपणहून मोजतात.

शेवटी वर्गापुढे तीन नाणी आणि तीन अर्धे चिंचोके शेजारी-शेजारी ठेवावेत. दोन्हीकडच्या आठही निष्पत्ती लिहून घ्याव्यात आणि आठाने भागून उत्तर कोणत्या बाजूला काढता येईल व का, हे मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू द्यावे.