जुन्या बेस गिटारचे बदललेले भाग कसे ओळखावेत आणि मूळ रूप कसं परत आणावं

जुना बेस हातात आला की लोक आधी नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांडीच्या, मागच्या प्लेटवरचा नंबर बघतात आणि मोबाइलवर साल शोधतात. मी तो नंबर शेवटी बघतो. चार स्क्रूंवर बसलेली प्लेट ती, काढून दुसरी लावायला पाच मिनिटं पुरतात. त्यातून कारखान्यातही हे नंबर काटेकोर क्रमाने लागत नसत.

इथे उदाहरण घेतलंय साठच्या दशकातल्या फेंडर प्रिसिजन बेसचं. लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५१ साली त्याने हा बेस आणला तो दुरुस्तीवाल्याच्या डोक्यानेच: नेक स्क्रूने, घोडी (तारा टेकतात ती पट्टी) स्क्रूने, वायरिंग एका धातूच्या प्लेटला टांगलेली. १९५७ पासून ती पिकगार्डला, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याला, टांगलेली असते. बिघडलं की काढा, दुसरं लावा. साठ वर्षं लोकांनी नेमकं तेच केलं, त्यामुळे पूर्ण मूळ अवस्थेतला बेस क्वचितच सापडतो.

पहिलं काम फोटो. एकही स्क्रू हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी काढा, मग तारा सैल करा.

आता भोकं शोधा. लाकडाला पडलेलं भोक सहसा लपत नाही. हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या) मागे, तारा ताणायच्या खुंट्यांच्या कडेला स्क्रूची रिकामी किंवा बुजवलेली भोकं दिसली, तर खुंट्या बदलल्यात. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या क्लूसन कंपनीच्या खुंट्या आजच्या सवयीच्या उलट दिशेने फिरतात. तो दोष समजून कितीतरी जणांनी त्या काढून टाकल्या. घोडी उचलली की खालचा रंग बघा. मूळ घोडीखालचा रंग उजेडापासून वाचलेला असतो, त्यामुळे तिचा ठसा राहतो. आत्ताच्या घोडीचा आकार त्या ठशाशी जुळत नसेल तर उत्तर मिळालंच. पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकाचा भाग) आणि घोडीवरची क्रोमची झाकणं बहुतेकांनी काढून कुठेतरी ठेवली आणि हरवली. त्यांची भोकं तेवढी शिल्लक असतात.

खरी मजा पिकगार्ड उलटा केल्यावर. आवाज आणि टोनच्या बटणांखाली जो फिरता भाग असतो तो पॉट. त्याच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. समजा १३७६६३३ आहे: १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३३ म्हणजे त्या वर्षाचा तेहतिसावा आठवडा. सुरुवात ३०४ ने असेल तर पॉट स्टॅकपोलचा. पॉट मूळचा असेल तर बेस त्याच्यापेक्षा जुना असूच शकत नाही, पॉट मात्र बेसपेक्षा जुना असू शकतो. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता, म्हणून १९६८ च्या बेसमध्ये ६६ चा पॉट निघाला तर घाबरू नका. पण ६६ च्या बेसमध्ये ८१ चा पॉट निघाला तर तो नंतर बसवलेला.

आकड्यांपेक्षा माझा भरवसा डाखावर, म्हणजे वायरच्या सोल्डरवर. भिंग घेऊन बघा. कारखान्याचा जुना डाख मंद राखाडी असतो, कडेला फ्लक्स (डाख धरावा म्हणून लावलेली राळ) मधाच्या रंगाचा होऊन तडकलेला. नंतरचा डाख चकचकीत, बहुधा गरजेपेक्षा मोठा गोळा. पॉटच्या पाठीवर जुन्या डाखाचा रिकामा डाग असेल तर तिथली वायर कुणीतरी हलवली आहे. साधारण १९६७ पर्यंत वायरवर कापडी वेष्टण असे. मध्येच प्लॅस्टिकची वायर आली तर संशय घ्या. माझ्या बेसमध्ये दोन्ही पॉट मूळचे, कपॅसिटर मात्र नवा होता, आणि त्याच्या पायाशी डाखाचा केवढा डोंगर!

पिकअप तपासायला व्हॉल्यूम पूर्ण उघडा, जॅकमध्ये केबल घाला आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. साधारण १० ते ११ किलोओहम दिसायला हवेत. १९५७ पासून हे पिकअप दोन तुकड्यांचं आहे आणि तुकडे एकामागे एक जोडलेले. एकाची तार तुटली की दोन्ही मुके होतात. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. तुटलेला निघाला तर फेकू नका, मूळ चुंबकं आणि त्यांच्या वरखालच्या पाट्या ठेवून तार पुन्हा गुंडाळून घ्या. नव्या पिकअपपेक्षा हे कधीही बरं.

नेक उगाच काढू नका. काढलाच तर त्याच्या टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याची तारीख बघा, फोटो घ्या.

आता दुरुस्ती. पॉट खरखरत असेल तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब, मग पंधरा-वीस वेळा फिरवणं. बदलायचाच असेल तर २५० किलोओहमचा नवा चांगला पॉट घ्या. फक्त आकड्यांसाठी जुन्या पॉटला भरमसाट पैसे मोजणं मला पटत नाही. जुन्या डाखात शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा. साठच्या सुरुवातीचा कासवाच्या पाठीसारखा पिकगार्ड सेल्युलॉइडचा असतो आणि भराभर पेटतो, डाख द्यायचा तापलेला कावीया त्याच्या आसपास नेऊ नका.

सैल झालेल्या भोकात आगकाडी कोंबायची आपली जुनी सवय इथे नको. मेपलची बारीक काडी लाकडाच्या गोंदात बुडवून बसवा, रात्रभर सुकू द्या. स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. टक् करून तो जुन्या आट्यात बसतो, मग सुलट पिळा. नाहीतर नवे आटे पडतात आणि भोक आणखी मोठं होतं.

रंगाला मात्र हात लावू नका. साधारण १९६८ पर्यंतचं नायट्रो लॅकर पातळ असतं, झिजतं, पिवळं पडतं. तेच त्याचं वय. पॉलिश मारून चमकवलं की किंमत जाते.

उतरवलेला प्रत्येक भाग, नंतरचा आणि स्वस्तातला असला तरी, पाकिटात घाला. पाकिटावर तारीख आणि काय काढून काय बसवलं ते लिहा आणि ते केसच्या कप्प्यात ठेवा.