प्लेट उलटी बसली होती

एमएस्सी बायोइन्फर्मेटिक्स करून एका आंतरराष्ट्रीय जीनोम प्रकल्पात डेटा को-ऑर्डिनेटर म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं की दिवसभर डीएनए वाचायचा. पहिले तीन महिने मी एक्सेल शीट वाचल्या. या कामात नव्याने येणाऱ्यांना म्हणून आधीच सांगते, जीनोम नंतर येतो, मॅनिफेस्ट आधी.

मॅनिफेस्ट म्हणजे नमुन्यांची यादी. नमुना कुठल्या केंद्राचा, प्लेटच्या (नमुने भरायच्या छोट्या खान्यांच्या ट्रेच्या) कुठल्या खान्यातला, स्त्रीचा की पुरुषाचा, संमती कशापुरती. आठ केंद्रं असली की आठ तऱ्हा. कुणी स्त्रीसाठी ‘एफ’ लिहितं, कुणी 2. एक्सेलचा आगाऊपणा वेगळाच: ‘सेप्ट2’ हे जनुक टाइप केलं की त्याची 2 सप्टेंबर होते. शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच हात टेकले आणि अशी नावं बदलली.

एकदा एका केंद्राच्या 96 नमुन्यांत जवळपास निम्म्यांचं लिंग जुळेना. यादीत बाई, डेटात वाय गुणसूत्र. मी दोन दिवस आमचीच पाइपलाइन, म्हणजे डेटावर एकामागून एक चालणारे प्रोग्राम, उसवत बसले. मग शेजारच्या सीनियर मॅडमनी कागदावर आठ ओळी, बारा रकाने आखले आणि काही न बोलता कागद उलटा फिरवला. पहिला खाना ए1 च्या जागी शेवटचा, एच12. प्लेट मशीनमध्ये उलटी बसली होती. यादी उलटी लावल्यावर सगळे नमुने जुळले. हे होऊ नये म्हणून बऱ्याच प्लेटचा एक कोपरा कापलेला असतो, तरी होतंच. त्या केंद्राला मी आधी फोन केला, मेल नंतर. पन्नास जणांना सीसी ठेवून कुणाची चूक दाखवलीत, तर पुढची चूक ते तुम्हाला सांगणार नाहीत.

सरावासाठी ‘1000 जीनोम्स’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा डेटा घ्या. 26 समूहांतल्या 2504 जणांचा आहे आणि सगळ्यांना खुला आहे. त्यात ह्यूस्टनचे गुजराती आहेत, ब्रिटनमधले तेलुगू आहेत. मराठी समूह मात्र नाही. फाइल उतरवली की एमडी5, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा कोड, जुळवायचा, मगच उघडायची. संदर्भ जीनोम (ज्याच्याशी ताडून डेटा वाचतात तो नमुना-क्रम) 37 व्या आवृत्तीचा की 38 व्या, हे फाइलच्या नावावरून ताडू नका, हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या ओळींत बघा.

बाकी बराचसा मानवी डेटा असा मोकळा मिळत नाही. 1996 मध्ये बर्म्युडाला मानवी जीनोम प्रकल्पातल्या शास्त्रज्ञांच्या बैठकीत ठरलं होतं की डीएनएचा क्रम हाती आला की 24 तासांत जाहीर करायचा. पण 2008 मध्ये एका गटाने दाखवलं की एखाद्याचा डीएनए हाताशी असेल, तर तो अमुक अभ्यासात होता की नाही हे नुसत्या एकत्रित आकडेवारीवरूनही ओळखता येतं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने तसे आकडे लगेच खुल्या साइटवरून काढून घेतले. आपल्या ‘जीनोम इंडिया’चा जानेवारी 2025 मध्ये उपलब्ध झालेला डेटाही फरीदाबादच्या केंद्रात आहे, हवा असेल तर अर्ज करावा लागतो.

आणि अर्ज मंजूर झाला तरी संमतीपत्राच्या बाहेर जाता येत नाही. एका केंद्राच्या पत्रात ‘फक्त हृदयरोगाच्या अभ्यासासाठी’ असं होतं. आमच्याच प्रकल्पातल्या एका पीएचडीच्या मुलाला ते नमुने मधुमेहासाठी हवे होते. “डेटा सर्व्हरवर पडूनच आहे ना, ताई?” पडून होता. मी नाही म्हटलं. थीसिसचं एक प्रकरण त्याला नव्याने बांधावं लागलं, आणि अजून माझ्या मेलला तो एका शब्दात उत्तर देतो.